टॅपेटची फट

मुंबईत फियाट आणि कोलकात्यात अँबॅसेडर अशी टॅक्सींची वाटणी कित्येक दशकं टिकली. दोन्ही गाड्या चार सिलिंडरच्या, दोन्हींत व्हॉल्व्ह उघडायची रचना पुशरॉडची, दोन्हींचे आराखडे परदेशातून आलेले. प्रवाशाला कधी दिसला नाही असा एक फरक मात्र होता आणि रॉकर कव्हर काढणाऱ्या मिस्त्रीला तो रोज भेटायचा. अँबॅसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि त्यावर बसणारं हेडही बिडाचंच. फियाटचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. कोलकात्याची टॅक्सी तापली की सगळी एका मापानं फुगायची. मुंबईची दोन मापांनी.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट तयार व्हायची. १९६४ पासून ती ११०० डी या मॉडेलवर आधारलेली होती आणि ‘पद्मिनी’ हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर बाद झाली. त्या वेळी पेपरांत तिच्या सीटकव्हरांवर, मीटरवर, छतावरच्या कॅरिअरवर हळहळून लिहिलं गेलं. तिच्या हेडवर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

हेडची खरी परीक्षा शहरात होत नसे. दादर पूर्वेला, एशियाड गाड्या सुटतात त्या भागातून, पुण्याच्या शेअर टॅक्सी निघतात. पद्मिनीच्या काळात चार उतारू, त्यांचं सामान आणि ड्रायव्हर एवढं वजन घेऊन ही सुमारे ४० अश्वशक्तीची गाडी जवळपास दीडशे किलोमीटर जायची. खोपोलीपर्यंत रस्ता सपाट. तिथून बोरघाट लागला की थोडक्या अंतरात काहीशे मीटर चढायचं. दुसऱ्या गिअरवर, पुढच्या ट्रकच्या मागे, कूर्मगतीनं. इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि रेडिएटरवर वारा मात्र येत नाही, ही इंजिनाला तापवायची उत्तम तजवीज आहे. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकणाऱ्या ड्रायव्हरांचा एक डोळा टेंपरेचरच्या काट्यावर असे, आणि ते बरोबरच होतं.

अशी तापलेली गाडी खंडाळ्याला उभी करून बॉनेट उघडलं की रॉकर कव्हरखालून टकटक ऐकू यायची, सकाळी दादरला होती त्याहून मोठी. टॅपेट वाजतंय, असं म्हणतात ते हेच. आता शाळेत शिकवलेलं आठवा: उष्णतेनं धातू प्रसरण पावतात. टॅपेटचा आवाज तर भागांमधली फट जास्त असली की येतो. सगळं फुगलं असेल तर फट बुजायला हवी आणि आवाज बंद पडायला हवा. मग वाढला कसा? गरम ऑइल पातळ होतं आणि त्यामुळे आवाज थोडा उघडा पडतो, हे खरं. पण एवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. पुढचं सगळं प्रकरण उरलेल्या उत्तराचं आहे.

आधी ही फट असते कुठे ते पाहू. सिलिंडरच्या डोक्यावर दोन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात. इनलेटमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण आत येतं, एक्झॉस्टमधून जळका वायू बाहेर जातो. छत्रीच्या आकाराचा हा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर आपल्या गोल सीटवर घट्ट बसलेला असतो. कॅमशाफ्टचा उंचवटा फिरत आला की तो टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला, आणि रॉकरचं दुसरं टोक खाली येऊन व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाब देतं. उंचवटा पुढे गेला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा सीटवर बसवते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि २५ वेळा बसतो.

व्हॉल्व्ह बंद असताना रॉकरचं टोक आणि दांड्याचं टोक यांच्यामध्ये बारीकशी मोकळी जागा ठेवतात. मोटरसायकलमध्ये ती बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या घरात असते, मोटारीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. ही जागा म्हणजे टॅपेटची फट. मिस्त्री ती फिलर गेजच्या पात्यानं मोजतो. पातं आत सरकवून ओढलं की किंचित अडखळत निघायला हवं. सैल निघालं तर फट जास्त, घुसतच नसेल तर कमी. मग पान्यानं लॉकनट सोडायचा, स्क्रू फिरवून माप जमवायचं आणि स्क्रू हलू न देता लॉकनट आवळायचा. हे शेवटचं वाक्य वाचायला सोपं आहे. नट आवळताना स्क्रू केसभर फिरतोच आणि पुन्हा मोजावं लागतं.

फट मुळात हवी कशाला? एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड जळत्या वायूत उभं असतं. त्याचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जातं, रात्री अंधारात पाहता आलं तर ते लाल दिसेल. त्यातली बहुतेक उष्णता व्हॉल्व्ह बंद असतानाच बाहेर पडते, सीटला टेकल्यावर, सीटमधून हेडमध्ये आणि हेडमधून पाण्यात. फट शून्य झाली तर रॉकर त्या व्हॉल्व्हला पुरतं बसूच देत नाही. अगदी थोडी चीर राहते. तिच्यातून प्रत्येक स्फोटाच्या वेळी आगीची धार सुटते, सीटला टेकणं कमी झाल्यामुळे व्हॉल्व्ह आणखी तापतो, तापल्यामुळे आणखी लांबतो, चीर आणखी रुंदावते. थोड्याच दिवसांत व्हॉल्व्हच्या काठाचा एक तुकडा वितळून जातो. याला ‘व्हॉल्व्ह जळला’ म्हणतात. मग कॉम्प्रेशन जातं, गाडी मिस मारते, हेड उतरवण्यावाचून इलाज राहत नाही.

फट जास्त झाली तर नुकसान तुलनेनं सौम्य असतं. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर बसतो, उघडतोही थोडा कमी, त्यामुळे पिकअप मंदावतो. रॉकर टेकण्याऐवजी आदळतो म्हणून आवाज येतो आणि टोकं झिजतात. पण इंजिन चालत राहतं. वाजणाऱ्या टॅपेटबद्दल गिऱ्हाईक तक्रार करतं आणि न वाजणाऱ्याबद्दल करत नाही, ही या धंद्यातली मोठी गफलत आहे. अनुभवी मिस्त्री गप्प टॅपेटकडे जास्त संशयानं पाहतात.

आता उष्णतेकडे येऊ. टॅपेटची फट हा स्वतंत्र भाग नव्हे, तिला स्वतःची लांबी नाही. ती एक वजाबाकी आहे. एका बाजूला सांगाडा: कॅमशाफ्टपासून रॉकरच्या शाफ्टपर्यंतची आणि तिथून खाली व्हॉल्व्हच्या सीटपर्यंतची उंची. यात ब्लॉक आणि हेड आले. दुसऱ्या बाजूला त्या उंचीत बसवलेली साखळी: टॅपेट, पुशरॉड आणि व्हॉल्व्ह. सांगाडा वाढला की फट रुंदावते, साखळी वाढली की अरुंद होते. तापल्यावर दोन्ही वाढतात. प्रश्न इतकाच, की जास्त कोण वाढतं?

हे दोन गोष्टींवर ठरतं, धातू कोणता आणि तो किती तापला. एक अंश तापमान वाढल्यावर बीड आपल्या लांबीच्या दशलक्षात सुमारे ११ भागांनी वाढतं, साधं पोलाद १२ भागांनी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी वापरतात ते उष्णता सोसणारं निकेल-क्रोमियमचं पोलाद १७-१८ भागांनी. हेडमध्ये वापरतात ते सिलिकॉन मिसळलेलं ॲल्युमिनियम २१-२२ भागांनी, शुद्ध ॲल्युमिनियम २३. भागिले दशलक्ष म्हटल्यावर आकडे किरकोळ वाटतात. म्हणून १०० मिलिमीटरचा तुकडा घ्या आणि ३० अंशांवरून १०० पर्यंत तापवा. बीड आणि पोलाद प्रत्येकी ०.०८ मिलिमीटरच्या आसपास वाढतील. ॲल्युमिनियम वाढेल ०.१५. फरक ०.०७ मिलिमीटरचा. आणि आपण जपत असलेली फट मोटरसायकलमध्ये सगळी मिळूनच तेवढी असते.

सबंध बिडाच्या इंजिनात सांगाडा आणि पुशरॉड जवळजवळ सारखेच वाढतात, ते बरोबरीत सुटतात आणि मागे उरतो तो व्हॉल्व्ह. तो सगळ्यांत जास्त तापतो, त्यामुळे साखळी जिंकते आणि फट कमी होते. शाळेतला नियम इथे चालतो. दादरच्या बेस्ट वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं उघडली गेलेली लेलँडची डिझेल इंजिनं या घराण्यातली. पण सांगाड्यात ॲल्युमिनियम आलं की वजाबाकीचं चिन्ह बदलू शकतं. हेड दुपटीच्या वेगानं फुगतं, रॉकरचा शाफ्ट स्वतःबरोबर वर उचलतं, आणि पोलादी पुशरॉड नि व्हॉल्व्ह मागे पडतात. फट रुंदावते. खंडाळ्याच्या टकटकीचं हे कारण.

फियाटमध्ये निम्मा सांगाडा बिडाचा असल्यामुळे परिणाम माफक होता. सगळाच सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तर काय होतं त्याचा चांगला दाखला सुझुकीच्या जी-१३ या १.३ लिटर इंजिनात सापडतो. या घराण्याची इंजिनं आपल्याकडे मारुती एस्टीम आणि जिप्सी किंगमध्ये आली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सामुराई जीपच्या माहितीपुस्तिकेत इनलेटची फट इंजिन थंड असताना ०.१३ ते ०.१७ मिलिमीटर आणि गरम असताना ०.२३ ते ०.२७ दिली आहे. एक्झॉस्टची थंड ०.१६ ते ०.२०, गरम ०.२६ ते ०.३०. गरम आकडा थंडपेक्षा पूर्ण ०.१० मिलिमीटरनं मोठा. ‘गरम झाल्यावर फट बुजते’ हे पाठ केलेल्या माणसाला ही छपाईची चूक वाटेल.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गरम इंजिन आणि चालू इंजिन यांत फरक आहे आणि बहुतेक पुस्तकं तो गुंडाळून टाकतात. मिस्त्री गरम इंजिनाची फट मोजतो तेव्हा इंजिन बंद असतं. आग विझल्याबरोबर व्हॉल्व्ह काही क्षणांत हेडच्या तापमानाला येतो, आणि सगळे भाग साधारण सारखेच गरम असले की ॲल्युमिनियम जिंकणारच. इंजिन चालू असताना मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड लाल असतं. त्याचा दांडा वर जाताना झपाट्यानं थंड होत गेला तरी एकंदर लांबी चांगलीच वाढलेली असते आणि हेडनं दिलेल्या मोकळीकीतला मोठा हिस्सा तो परत घेतो. इनलेटला येणाऱ्या मिश्रणाचा गारवा मिळतो, तो इतका लांबत नाही. बहुतेक पुस्तिकांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा थोडी जास्त सांगितलेली असते ती याचसाठी.

त्याहून मजेशीर गोष्ट पहिल्या काही मिनिटांत घडते. सकाळी थंड इंजिन सुरू केलं. व्हॉल्व्ह लहान आणि हलका, आगीच्या तोंडी. तो अर्ध्या-एक मिनिटात तापतो. हेड म्हणजे कित्येक किलोंचा ठोकळा, शिवाय त्यात गार पाणी खेळतंय. त्याला तापायला पाच-दहा मिनिटं लागतात. या मधल्या वेळात साखळी लांबलेली आणि सांगाडा जिथल्या तिथे. फट सर्वांत अरुंद होते ती इथे, घाटाच्या माथ्यावर नव्हे. दादरहून निघालेल्या टॅक्सीच्या व्हॉल्व्हचा सगळ्यांत अडचणीचा काळ शीव येईपर्यंत संपलेला असायचा. पुढे हेड तापत गेलं की फट पुन्हा मोकळी होते. थंड इंजिनात ठेवलेली फट ही मुख्यतः या पहिल्या काही मिनिटांची तरतूद आहे. सुरू केल्या केल्या गाडी रेस करू नये असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते ऑइल वर चढण्यासाठी. पण ॲल्युमिनियमच्या हेडला तो सल्ला आणखी एका कारणानं लागू पडतो.

त्यामुळे पुस्तिकेत आकड्याच्या शेजारी छापलेला ‘थंड’ किंवा ‘गरम’ हा शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा. सामुराईला थंड इंजिनात गरमचं माप लावलं तर फट ०.१० मिलिमीटरनं जास्त राहील, गाडी वाजत राहील, एवढंच. उलट केलं, म्हणजे गरम इंजिनात थंडचं माप लावलं, तर ते इंजिन थंड झाल्यावर फटीतून ०.१० वजा होतील. ०.१५ पैकी ०.०५ उरतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अरुंद फटीनिशी व्हॉल्व्ह पहिल्या मिनिटात लांबायला लागेल. दोन्ही चुका सारख्या दिसतात. पहिलीनं डोकं उठतं, दुसरीनं व्हॉल्व्ह जळतो.

हे मुद्दाम सांगायचं कारण आपल्याकडची घाई. चार स्ट्रोकची मोटरसायकल सामान्य घरांत पोचवली ती १९८५ च्या हीरो होंडा सीडी १०० नं. त्याआधीच्या बजाजच्या दोन स्ट्रोकच्या स्कूटरला व्हॉल्व्हच नव्हते, त्यामुळे एका पिढीच्या स्कूटरवाल्याला ही फट माहीत असायचं कारण नव्हतं. होंडाच्या पुस्तिका स्पष्ट सांगतात, की फट थंड इंजिनातच, ३५ अंशांच्या खाली असताना तपासावी. मुंबईत मे महिन्यात बाहेरची हवाच दुपारी त्या हद्दीला टेकते, तेव्हा थंड इंजिन म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं इंजिन. प्रत्यक्षात गिऱ्हाईक ऑफिसच्या वाटेवर गाडी आणतं, ‘तासाभरात द्या’ म्हणतं, आणि गल्लीतला मिस्त्री ओला फडका हेडवर टाकून कामाला लागतो. बाहेरचे पंख गार लागतात, आतलं हेड अजून ७०-८० अंशांवर असतं. दोष मिस्त्रीचा म्हणाल तर अर्धाच. संध्याकाळी गाडी लावून दुसऱ्या दिवशी न्यायची तयारी किती जणांची असते?

आराखडा करणाऱ्यांना ही वजाबाकी ठाऊक होतीच, आणि तिची उत्तरं त्यांनी वेगवेगळी काढली. सर्वांत सरळ उत्तर म्हणजे साखळीही ॲल्युमिनियमची करणं. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये हेड ॲल्युमिनियमची, म्हणून पुशरॉडही पोलादी टोकं बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीचे. जुन्या बुलेटचंही तसंच. बिडाचा सिलिंडर, ॲल्युमिनियमचं हेड आणि हलक्या मिश्रधातूचे पुशरॉड. तिच्या पुस्तिकेत तर फटीचा आकडाच नाही. इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली मात्र हलता कामा नये, इतकंच माप. ऐकणाऱ्याला हा अडाणी कारभार वाटतो, पण हिशेब पक्का आहे. तापल्यावर सिलिंडर आणि हेड पुशरॉडपेक्षा जास्त गरम होतात, फट आपोआप पडते, म्हणून थंडपणी ती शून्य ठेवली तरी चालते. फिलर गेज घेऊन बुलेटमध्ये ‘थोडी सुरक्षित फट’ ठेवणारा मिस्त्री तिला उगाच खडखडायला लावतो.

दुसरं उत्तर पुशरॉडच काढून टाकण्याचं. कॅमशाफ्ट हेडमध्येच बसवला की ब्लॉकची सगळी उंची हिशेबातून वजा होते आणि उरतं हेड विरुद्ध व्हॉल्व्ह. आजच्या बहुतेक मोटारी आणि मोटरसायकली अशा आहेत. फरक तरीही पडतोच. तिसरं उत्तर फट ठेवायचीच नाही, असं. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ऑइलनं भरलेला छोटा पिस्टन असतो, तो फट पडताच फुगून ती भरून काढतो आणि जागा अपुरी पडली की थोडं ऑइल सोडून आखडतो. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये ही सोय कारखान्यातूनच आली होती. रॉयल एन्फील्डनं २००९ च्या सुमारास आणलेल्या पूर्ण ॲल्युमिनियमच्या इंजिनात तीच वापरली, आणि बुलेटवाल्यांचा टॅपेट सेटिंगचा रविवारचा उद्योग गेला. गंमत म्हणजे २०२० च्या मीटिअर ३५० मध्ये कंपनी पुन्हा स्क्रू आणि लॉकनटवर आली, या वेळी कॅमशाफ्ट वर बसवून. मला हे माघार घेणं वाटत नाही. सुधारणेची वाट नेहमी एकाच दिशेला जाते ही समजूत इंजिनांच्या बाबतीत तरी सोडून दिलेली बरी.

ॲल्युमिनियमच्या फुगण्याचा त्रास फटीपुरता थांबत नाही. हा धातू मऊ, त्यावर सेकंदाला पंचवीस वेळा व्हॉल्व्ह आपटला तर सीट टिकणार नाही. म्हणून कठीण धातूची कडी स्वतंत्र करून हेडमध्ये घट्ट बसवतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार जे करतो तेच इथे होतं, फक्त आतलं-बाहेरचं उलटं करून. धाव तापवून चाकावर चढवतात, ती आखडली की आवळते. इथे हेड तापवतात, कडी गार करतात आणि खाचेत सोडतात, मग हेड आखडून तिला धरून ठेवतं. धोका उघड आहे. घाटात पाणी संपून हेड प्रमाणाबाहेर तापलं तर ते कडीपेक्षा जास्त फुगतं आणि पकड ढिली होते. सुटलेली कडी म्हणजे इंजिनाचं मोठं काम.

हेड आणि ब्लॉक यांच्यातही ओढाताण असते. चार सिलिंडरचं हेड साधारण ४०० मिलिमीटर लांब धरलं तर ७० अंशांच्या वाढीला ॲल्युमिनियम ०.६ मिलिमीटर लांबतं, बिडाचा ब्लॉक ०.३. मधली गॅस्केट हा फरक रोज सकाळ-संध्याकाळ सोसते. शिवाय हेड जाडीतही फुगतं, त्याला आवळणारे पोलादी बोल्ट तेवढे वाढत नाहीत, त्यामुळे गरम इंजिनात बोल्टांवरचा ताण वाढतो. गॅस्केट दबते, हेड किंचित खाली बसतं. आणि हेड खाली बसलं की रॉकरचा शाफ्ट खाली आला, म्हणजे पुशरॉडच्या इंजिनात टॅपेटची फट बदलली! गॅस्केट बदलल्यावर काही दिवसांनी हेडचे बोल्ट पुन्हा ठरल्या ताणाला आवळायचे आणि त्यानंतरच टॅपेट लावायचे, हा जुना क्रम त्यातून आला. उलट क्रमानं काम करणाऱ्याचं सेटिंग बोल्ट आवळताच बिघडतं.

आतापर्यंत आपण तासाभरात होणारे बदल पाहिले. महिन्या-महिन्यांनी होणारा बदल वेगळा, आणि मुंबईच्या टॅक्सीला तो एका विशिष्ट काळात भोवला. साध्या झिजेनं फट वाढते: कॅम घासतो, रॉकरचं टोक खड्डा पाडून घेतं. पण सीट झिजली तर व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल रुततो, त्याच्या दांड्याचं टोक रॉकरच्या जवळ येतं आणि फट कमी होते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असे. ते आरोग्याला वाईट होतं, पण त्याचा पातळ थर सीटवर बसून राही आणि धातूला धातू चिकटू देत नसे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्याच सुमारास प्रदूषणाविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं दिलेल्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर वळवल्या जाऊ लागल्या. सीएनजी कोरडा वायू. त्यात शिसं नाही, आणि पेट्रोलच्या थेंबांचा जो थोडा गारवा नि ओलावा व्हॉल्व्हला मिळे तोही नाही. शिशाच्या काळात आखलेल्या इंजिनाच्या सीटला हा दुहेरी बदल सोसणं कठीण होतं.

आणि हा बिघाड गुपचूप येतो. टॅपेट वाजेनासं होतं, गाडी शांत चालते, ड्रायव्हरला वाटतं इंजिन सुधारलं. मग एका सकाळी थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं, सुरू झालं की एक सिलिंडर मिस मारतं, तापल्यावर पुन्हा ठीक. आता याचं कारण वाचकाच्या ध्यानात आलं असेल. थंडपणी फट शून्याखाली गेलेली असते, हेड फुगलं की ती पुन्हा थोडी उघडते. ॲल्युमिनियमचं हेड अशा वेळी आजार झाकून ठेवतं. गरम गाडी घेऊन गॅरेजात गेलात तर मिस्त्रीला काही सापडणार नाही.

सीएनजीवरच्या आजच्या गाड्यांना कारखान्यातूनच कठीण सीट बसवलेल्या असतात, तरी एक्झॉस्टची फट त्यांतही कमी होत जाते आणि पेट्रोलपेक्षा लवकर तपासावी लागते. तपासताना चांगला मिस्त्री एक काम करतो, जे घाईत राहून जातं. स्क्रूला हात लावण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हची सापडलेली फट कागदावर लिहून ठेवतो, चार सिलिंडरच्या आठ आकड्यांची ओळ. चौथ्या सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह डुलायला लागले की पहिल्याचे दोन्ही पूर्ण बंद असतात, तेव्हा पहिला मोजायचा. पहिल्याचे डुलले की चौथा, तसंच दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं. पुढच्या खेपेला नवे आकडे त्याच ओळीखाली येतात. आठही थोडे वाढले असतील तर साधी झीज आहे, माप लावून गाडी द्यायची. एकच एक्झॉस्ट दर खेपेला कमी निघत असेल तर त्याची सीट बसते आहे. स्क्रू मागे घेऊन काही हजार किलोमीटर निभतील, पण गाडीवाल्याला हेडच्या खर्चाची कल्पना त्याच दिवशी दिलेली बरी.